मृतांचा स्वर आणि संपादकाचा अधिकार : जॉन फेहीच्या निमित्ताने

जुन्या संहितेच्या संपादकाला एक सोय आपोआप लाभलेली असते. ज्या ग्रंथकाराचा पाठ तो निश्चित करीत असतो, तो ग्रंथकार उठून त्याच्या दाराशी येण्याची शक्यता नसते. एखादे कडवे प्रक्षिप्त ठरवले, एका शब्दाच्या जागी दुसरा स्वीकारला, तर वाद घालायला येतात ते दुसरे संपादक. मूळ कर्ता नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, पण त्यांत व्यासांचा आक्षेप नव्हता. संपादनाच्या नीतीचा आपल्याकडील विचार बहुतांशी या सोयीवर उभा आहे. संपादकाची निष्ठा संहितेशी असावी, एवढे म्हटले की तो संपतो.

ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र तो तेथे संपवता येत नाही. तबकडीच्या खाचेत जे उरलेले असते ती एका अर्थी संहिताच असते : तिच्या प्रती असतात, प्रतींत दोष असतात, शब्द संदिग्ध असतात, कर्तृत्व वादग्रस्त असते. परंतु ती एका विशिष्ट माणसाच्या श्वासाचीही खूण असते, आणि तो माणूस कदाचित हयात असतो. जुन्या तबकड्या शोधणे, त्यांचा अभ्यास करणे आणि त्या पुन्हा प्रकाशित करणे हे काम वरकरणी ग्रंथालयशास्त्राच्या कक्षेतले वाटते. प्रत्यक्षात त्यात दुसऱ्या माणसावर कोणता अधिकार सांगता येतो, हा जुनाच नैतिक प्रश्न दडलेला आहे. अमेरिकन गिटारवादक जॉन फेही (१९३९–२००१) याची कारकीर्द या प्रश्नाच्या दृष्टीने विलक्षण उद्बोधक ठरते. वादक, संशोधक आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका त्याने केल्या. शिवाय एक चौथीही केली, ती बनावट करणाऱ्याची. या चौथ्या भूमिकेकडे त्याचे चाहते विनोद म्हणून पाहतात. ती तेवढीच नाही.

फेही वॉशिंग्टनलगतच्या टाकोमा पार्क या उपनगरात वाढला. तरुणपणी तो रिचर्ड स्पॉटस्वूड या संग्राहक मित्राबरोबर जुन्या तबकड्या धुंडाळीत हिंडत असे. त्या वेळी त्याला रस होता तो गोऱ्यांच्या ग्रामीण संगीतात. कृष्णवर्णीयांच्या गाण्याकडे तो तुच्छतेने पाहत होता. ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाची एक भक्तिपर तबकडी ऐकल्यावर प्रथम आपल्याला अक्षरशः मळमळले आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा ऐकताना रडू कोसळले, असे तो पुढे सांगत असे. पालटाच्या अशा कथांना एक ठरीव साचा असतो आणि त्या थोड्या सावधपणेच वाचाव्या लागतात. तरीही या कथेतील एक तपशील महत्त्वाचा आहे. किळस आणि अश्रू या दोन्ही प्रतिक्रिया एका तबकडीला दिलेल्या आहेत; गायक समोर नाही. जॉन्सन १९४५ सालीच वारला होता. ज्या समाजात गोरा तरुण आणि कृष्णवर्णीय वृद्ध एका टेबलाशी बसत नसत, तेथे तबकडीने एक विचित्र जवळीक शक्य केली : माणसाला टाळून त्याच्या आवाजापाशी पोचण्याची.

या जवळिकीची भौतिक बाजूही पाहिली पाहिजे. मिसिसिपी डेल्टामधील ज्या गायकांनी पुढे फेहीचे आयुष्य व्यापले, त्यांच्यापैकी अनेकांची ध्वनिमुद्रणे पॅरामाउंट या नाममुद्रेने निघाली होती. ही कंपनी विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. फोनोग्राफची लाकडी कपाटे तयार करता करता त्यांवर वाजवायला तबकड्याही काढाव्यात, असा हा सरळ व्यापारी हिशेब होता. तबकड्यांचा माल हलका, आवाज खरखरीत. मंदीत धंदा बसला आणि ज्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या छापल्या जात, ते बहुतेक साचे नाहीसे झाले. म्हणजे पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर मूलादर्श नष्ट झालेला, आणि हाती फक्त सुईने झिजवलेल्या, घराघरांत वापरलेल्या प्रती. काही गाण्यांच्या एकदोनच. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली मांडले. येथे यंत्राने काढलेली प्रतच एकमेव उरल्यामुळे तेजोवलय तिच्याभोवती पुन्हा गोळा झाले. बेंजामिनचे प्रमेय त्यामुळे खोटे ठरत नाही, पण त्याला काळाची अट जोडावी लागते.

या प्रती मिळवण्याचा मार्ग म्हणजे दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये दारोदार जाऊन जुन्या तबकड्या आहेत का म्हणून विचारणे आणि किरकोळ मोबदल्यात त्या घेणे. विकणाऱ्याला ती अडगळ होती, हे खरे; घेणाऱ्याला ती अडगळ नाही हे ठाऊक होते, हेही तितकेच खरे. ही लूट होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. या मंडळींनी त्या नेल्या नसत्या तर त्यांतील बहुतेक तबकड्या आज कोठेच नसत्या. परंतु वाचवणाऱ्याला वाचवलेल्या वस्तूवर नैतिक मालकी मिळते, हा जो निष्कर्ष संग्राहकांच्या लेखनात न उच्चारताच काढलेला आढळतो, त्याला आधार कोणता? आगीतून पोथी बाहेर काढणारा तिचा कर्ता होत नाही, आणि वारसही होत नाही.

१९६३ साली तबकडीच्या पलीकडचा माणूस प्रथम समोर आला. बुका व्हाइट या गायकाने १९४० साली मुद्रित केलेल्या एका गाण्यात मिसिसिपीतील ॲबर्डीन या गावाचा उल्लेख होता. तेवढ्या धाग्यावर फेहीने त्या गावच्या टपालकचेरीच्या नावे, ‘बुका व्हाइट, जुना ब्लूज-गायक’ असे लिहून पत्र धाडले. पत्र नातलगाच्या हातून मेम्फिसला पोचले. व्हाइट हयात होता, गात होता, आणि त्याला या शोधाचा आनंदच झाला. फेहीच्या टाकोमा या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्याची नवी ध्वनिमुद्रिका काढली. संहितेतील एका स्थलनामावरून तिच्या जिवंत कर्त्यापर्यंत पोचल्याचे असे उदाहरण वाङ्मयाच्या संशोधनात सापडणे कठीण. पण या सुखद कथेचे दुसरे अंग पुढच्याच वर्षी उघडे झाले.

१९६४ साली फेही, बिल बार्थ आणि हेन्री व्हेस्टाइन या तिघांना मिसिसिपीतील ट्युनिका येथील रुग्णालयात स्किप जेम्स सापडला. जेम्सने १९३१ साली पॅरामाउंटसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी अठरा बाजू आज उपलब्ध आहेत. तो थंड, उंच, जवळजवळ निर्विकार स्वर संग्राहकांच्या लहानशा वर्तुळात दंतकथा बनला होता. सापडला तो मात्र बासष्टीच्या घरातला, दुखणाईत, स्वाभिमानी आणि अजिबात कृतज्ञ नसलेला गृहस्थ. मधल्या काळात तो धर्मोपदेशाकडे वळला होता. ही मुले आपल्याकडे इतक्या उशिरा का आली, असा त्याचा भाव. आणि आपल्या कलेची थोरवी त्याला कोणी येऊन सांगण्याची गरज नव्हती. फेहीने या माणसाविषयी पुढे जे लिहिले त्यात निराशाच अधिक आहे. स्टीफन कॉल्ट या चरित्रकाराने तर १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात जेम्सचे कठोर आणि अप्रिय चित्र रेखाटले. कॉल्ट त्याला प्रत्यक्ष ओळखत होता, तेव्हा त्या चित्राला ऐकीव म्हणता येत नाही.

येथे अपेक्षाभंग झाला तो नेमका कोणाचा? तिघे तरुण १९३१ सालचा आवाज शोधत निघाले होते. माणूस हा त्यांच्या लेखी त्या आवाजाचा पत्ता होता. पत्त्यावर पोचल्यावर तेथे राहणाऱ्याला स्वतःची मते असतात, दुखणी असतात, औषधोपचाराला पैसे लागतात आणि तेहेतीस वर्षांपूर्वीसारखे गाता येत नाही, हा त्यांना बसलेला धक्का होता. त्याच वर्षी जुलैत जेम्स न्यूपोर्टच्या लोकसंगीत-महोत्सवात गायला. पुढे त्याच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९६९ साली तो वारला. या पाच वर्षांत त्याला श्रोते मिळाले हा लाभ निर्विवाद आहे. पण हे सारे त्याला मिळाले ते १९३१ सालच्या स्किप जेम्सचा प्रतिनिधी म्हणून. माणसाला त्याच्याच संहितेची उत्तरकालीन, दूषित प्रत म्हणून ऐकणे, याला पाठचिकित्सेत काही नाव नाही, कारण तशी वेळ तेथे येत नाही. नैतिक विचारात मात्र त्याला नाव आहे : माणसाला साधन मानणे. कांटचा निर्बंध ‘केवळ साधन’ मानण्याविरुद्ध आहे, आणि या तरुणांनी जेम्सला केवळ साधन मानले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या प्रेमाचा विषय तो नव्हता, हेही झाकता येत नाही.

मृत गायक या दृष्टीने सोयीचा. फेहीने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत एम.ए.साठी प्रबंध लिहिला तो चार्ली पॅटन या गायकावर. पॅटन १९३४ सालीच वारला होता, आणि त्याचे एकच छायाचित्र उपलब्ध होते. हा प्रबंध १९७० साली लंडनहून पुस्तकरूपाने निघाला. तो आजही वाचनीय आहे, आणि त्याचे कारण फेही वादक होता हे आहे. गिटारच्या तारा कशा जुळवल्या होत्या, स्वरावली कोणत्या होत्या, ओळी श्वासाशी कशा बांधल्या होत्या, याचा विचार तो बोटांनी करतो. साठीच्या दशकातील पुरोगामी लोकसंगीत-चळवळीला ब्लूज-गायकांत निषेधाचा कवी हवा होता. फेहीने ठासून सांगितले की पॅटन हा प्रथम करमणूक करणारा होता आणि त्याच्या कडव्यांत तर्कसंगती शोधणे व्यर्थ आहे. भाबड्या वाचनाविरुद्ध हे आवश्यक होते. पण येथेही एक आकांक्षा कार्यरत आहे. समाजाच्या वतीने बोलणारा पॅटन नको, शुद्ध संगीत असलेला पॅटन हवा, ही निवड पॅटनची नव्हे. मिसिसिपीच्या १९२७ सालच्या महापुरावरील त्याचे दोन भागांतले गाणे ऐकताना, पाण्यापासून पळणाऱ्या कृष्णवर्णीयांना कोठे जाण्याची मुभा होती आणि कोठे नव्हती, हा प्रश्न बाजूला ठेवणे कठीण जाते. आयुष्याच्या अखेरीस, पस्तीस वर्षांनंतर, फेहीने आपल्या या अभ्यासाकडे पुन्हा वळून पाहणारा एक लेख लिहिला, हे त्याच्या विचाराच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

कर्तृत्वाचा घोळ पॅटनच्या बाबतीत प्रकाशकानेच आधी घालून ठेवला होता. त्याची एक तबकडी पॅरामाउंटने ‘मुखवट्यातला अद्भुत’ अशा अर्थाच्या नावाने काढली आणि हा गायक ओळखा, बक्षीस मिळवा, अशी जाहिरात केली. त्याची भक्तिपर गाणी ‘एल्डर जे. जे. हॅडली’ या कल्पित धर्मगुरूच्या नावावर निघाली. फूकोने ‘कर्ता’ ही एक कार्यात्मक सोय आहे असे १९६९ साली म्हटले, त्याच्या चाळीस वर्षे आधी एका फर्निचर-कारखान्याला ते व्यवहारात उमगले होते.

या पार्श्वभूमीवर फेहीच्या बनावटींकडे पाहिले म्हणजे त्या पोरकट राहत नाहीत. विशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने जो बुसार्ड या संग्राहकाच्या घरगुती फोनोटोन नाममुद्रेसाठी ‘ब्लाइंड थॉमस’ या नावाने गाणी मुद्रित केली. १९५९ साली स्वतःच्या पैशांनी त्याने पहिली ध्वनिमुद्रिका काढली, शंभर प्रती. तिच्या एका बाजूवर वादक म्हणून स्वतःचे नाव आणि दुसऱ्या बाजूवर ‘ब्लाइंड जो डेथ’ या कधीच अस्तित्वात नसलेल्या अंध गायकाचे. काही प्रती त्याने जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानांत गुपचूप ठेवून दिल्या, कोणा संग्राहकाला त्या सापडाव्यात म्हणून. पुढच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर त्याने विद्वत्तापूर्ण टिपणांचे विडंबन करणारी लांबलचक टिपणे लिहिली. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा प्रक्षेप आहे. सुकथनकरांनी महाभारतातील प्रक्षेप गाळून टाकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले, कारण प्रक्षेपावरून परंपरेला काय हवे होते ते कळते. ब्लाइंड जो डेथवरूनही तेच कळते. संग्राहकाला अंध, अज्ञात, दरिद्री आणि मृत गायक हवा होता. फेहीने तो बनवून दिला.

परंतु हे कौतुक एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. विडंबनाचा रोख संग्राहकांवर असला, तरी वेष घेतला तो कृष्णवर्णीय अंध गायकाचा. अमेरिकेत गोऱ्यांनी चेहरा काळा करून रंगमंचावर नाचण्याची दीर्घ आणि लाजिरवाणी परंपरा आहे. तिच्यापासून ‘ब्लाइंड थॉमस’ किती अंतरावर आहे? अंतर आहे, पण फार नाही. फेहीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की जी इच्छा इतर संशोधकांनी वस्तुनिष्ठतेखाली झाकली ती त्याने उघड्यावर ठेवली. उघड्यावर ठेवल्याने ती निर्दोष होत नाही, तपासता येते.

१९९६ साली, वडिलांकडून आलेल्या वारशाच्या पैशांतून, फेहीने डीन ब्लॅकवुड यांच्यासह ‘रेव्हनंट’ ही प्रकाशनसंस्था काढली. या शब्दाचा अर्थ मरणानंतर परत आलेला. डॉक बॉग्ज या गोऱ्या खाणकामगार गायकाची आरंभीची सर्व ध्वनिमुद्रणे, महायुद्धपूर्व धार्मिक गाण्यांचा संग्रह, हॅरी स्मिथने आखलेल्या लोकसंगीत-संकलनाचा अप्रकाशित राहिलेला चौथा भाग अशी प्रकाशने येथून निघाली. फेही २२ फेब्रुवारी २००१ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतर वारला. त्याच वर्षी पॅटनच्या ध्वनिमुद्रणांचा सात तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. त्यात फेहीचे जुने पुस्तकही समाविष्ट होते. २००३ साली त्याला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या जुन्या अल्बमसारखी त्याची भारदस्त बांधणी पाहून, ज्याची थडग्याची खूणही कित्येक वर्षे नव्हती त्या गायकाला आता स्मारक लाभले, असे कोणी म्हणेल. पण त्या संचातील महत्त्वाची गोष्ट बांधणी नव्हे. पॅटनबरोबर ध्वनिमुद्रणास गेलेल्या आणि त्याच्या परिसरात गाणाऱ्या इतरांची गाणीही त्यात घेतली आहेत. एकाकी प्रतिभावंताच्या जागी शेजारपाजार येतो. संपादनाने केलेली नैतिक दुरुस्ती कोठे असेल तर ती येथे आहे.

कारण एकाकी, दुर्मिळ प्रतिभावंत ही संग्राहकांचीच निर्मिती. एलायजा वॉल्डने २००४ साली आणि मेरीबेथ हॅमिल्टनने २००७ साली आपापल्या ग्रंथांत हे पुरेसे दाखवून दिले आहे : ज्यांच्या तबकड्या कृष्णवर्णीय श्रोत्यांनी भरभरून घेतल्या ते लिरॉय कारसारखे गायक या प्रतिष्ठित परंपरेच्या कडेला गेले, आणि ज्यांच्या फारशा खपल्या नाहीत ते दुर्मिळ म्हणून केंद्रस्थानी आले. जे बाजारात हरले ते संग्रहात जिंकले. यात मूळ श्रोत्यांच्या रुचीचा अवमान आहे, आणि तो दुर्मिळतेच्या मोजपट्टीमुळे होतो.

प्रत्यक्ष ऐकण्याच्या पातळीवर संपादकाला ज्या निवडी कराव्या लागतात, त्यांतही हाच प्रश्न बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. ‘७८ फेऱ्या’ हे नाव; प्रत्यक्ष वेग कमीजास्त असे. सुमारे साडेचार फेऱ्यांच्या फरकाने स्वर अर्ध्या स्वरांतराने सरकतो, म्हणजे माणसाच्या आवाजाचे वयही थोडे सरकते. खरखर काढावी तर तिच्याबरोबर ओठांचे व्यंजनही जाते. आपल्याकडेही असा प्रश्न आहे. १९०२ सालापासूनच्या गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रणांच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. ते परदेशातील छपाईगृहातील तंत्रज्ञांना तबकडी ओळखता यावी म्हणून. मग ती घोषणा गाण्याचा भाग, की पुष्पिकेप्रमाणे लेखकाची खूण? राग संपल्यावर ती ऐकू येते तेव्हा रसभंग होतो, असे म्हणून जो ती कापील, तो त्या ध्वनिमुद्रणातील एकमेव अशी जागा कापील जेथे गायिका स्वतःविषयी बोलते.

शब्दाच्या बाबतीत फेहीची एक हकीकत जॉन जेरेमाया सलिव्हन या लेखकाने नोंदली आहे. गीशी वायली या गायिकेच्या १९३० सालच्या गाण्यातील एक शब्द कोणालाच नीट ऐकू येत नव्हता. एका नियतकालिकासाठी तपशील पडताळताना सलिव्हनने फेहीला दूरध्वनी केला. फेही ती झिजलेली जागा पुन्हा पुन्हा ऐकत बसला आणि अखेर त्याला शब्द लागला : पिठाचे विशेषण, ‘चाळलेले’ या अर्थाचे, दळणाच्या व्यवहारातले जुने इंग्रजी रूप. तोवर लोक तेथे आपापल्या कल्पनेतले शब्द ऐकत होते. लागला तो स्वयंपाकघरातला शब्द. गीशी वायली कोण होती याचा पत्ता तेव्हा जवळजवळ कोणालाच नव्हता, आणि तिच्या चरित्राविषयी त्या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. तरीही तिच्यासाठी कोणी संशोधकाने त्या वेळी केलेले याहून न्याय्य काम दाखवता येणार नाही : तिच्या तोंडी जे होते तेच तिच्या तोंडी राहू दिले गेले.

कायद्याने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण २०१८ सालच्या कायद्यामुळे लाभले आणि १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी सर्वांना खुली झाली. पण गाण्यामागे ठोक रक्कम घेऊन घरी परतलेल्या गायकाचा यात कोठेच संबंध येत नाही.

फेहीची स्वतःची रवानगी आता संहितेच्या बाजूला झाली आहे. ‘ब्लाइंड जो डेथ’ ही ध्वनिमुद्रिका २०१० सालासाठीच्या निवडीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत दाखल झाली. फोनोटोनसाठी त्याने केलेली १९५८ ते १९६५ या काळातील ध्वनिमुद्रणे, ‘ब्लाइंड थॉमस’सह, २०११ साली पाच तबकड्यांच्या संचात निघाली : सविस्तर टिपणे आणि पुस्तकासह. जी तबकडी कोणा संग्राहकाला फसवण्यासाठी घडवली गेली, तिचाही आता चिकित्सक पाठ उपलब्ध आहे.